फायनलपर्यंतचा जावई

आमच्या गावाला फास्ट बॉलर हवा होता म्हणून माझ्या बहिणीचं लग्न झालं. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि ऐकणारा प्रत्येक जण आधी हसतो. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही, त्यामुळे हसणाऱ्याशी माझं पुढे फारसं जमत नाही.

कुवेतमध्ये आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान गावांची एक क्रिकेट टूर्नामेंट चालते. थंडी पडली की सुरू होते आणि रमजान लागायच्या आत उरकावी लागते. वफ्र्याच्या रस्त्याला एक मोकळं वाळूचं मैदान आहे, मधोमध सिमेंटची पट्टी, तिच्यावर हिरवी मॅट, आणि वाऱ्याने मॅट उडू नये म्हणून कडेला ठोकलेले खिळे. दर शुक्रवारी पहाटे गाड्या भरून माणसं तिथे जातात आणि जुम्म्याच्या नमाजाला परततात. एक जण तीन पायांच्या स्टँडवर मोबाईल लावतो, मॅच थेट गावाला दिसते, आणि तिकडे नाष्टा करता करता अख्खं गाव आमचे झेल सुटलेले बघतं.

या टूर्नामेंटचा एकच कडक नियम. प्रत्येक गावाच्या टीममध्ये त्याच गावचे खेळाडू. पण लहान गावांना अकरा माणसं भरता येईनात, तेव्हा जुन्या मंडळींनी एक सवलत दिली, की गावचा जावईही गावचाच धरायचा. हेतू चांगला होता. पुढे त्याचं काय झालं ते कुठल्याही कोकणी माणसाला सांगायला नको. स्थळं बघताना मुलगा कुठल्या कंपनीत आहे याच्या आधी मुलगा डावखुरा आहे का, हे विचारलं जाऊ लागलं. एका गावाने एकाच उन्हाळ्यात दोन जावई केले, एक बॅट्समन आणि एक स्पिनर, आणि त्या वर्षी कप नेला. तेव्हापासून आमच्या मामूची झोप उडाली.

मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कुवेतच्या सालमिया भागात त्यांचं शिलाईचं दुकान आहे, टीमचे चेअरमन तेच, जर्सीचा खर्च त्यांचा, आणि गावातल्या निम्म्या पोरांचे इकामे, म्हणजे तिथे राहण्याचे परवाने, त्यांच्या ओळखीने झालेले. मला पहिली नोकरी त्यांनीच लावून दिली, बंदरावर क्लिअरिंगच्या ऑफिसात, आणि ती गोष्ट त्यांनी मला कधी विसरू दिली नाही. मी टीमचा कॅप्टन आणि विकेटकीपर. कॅप्टन म्हणजे टॉसला जाणारा माणूस, बाकी सगळं मामू ठरवायचे.

आमच्या गावासमोर खाडी आहे आणि खाडीपलीकडे दुसरं गाव. त्या गावाशी आमचं कशावरून बिनसलंय ते आता कोणालाच आठवत नाही, पण बिनसलेलं आहे हे लहान पोरालाही माहीत असतं. त्या गावचा एक बॉलर होता. उंच, सडपातळ, बोलायला मोजका आणि बघायला उर्मट. टेनिसचा बॉल तो असा टाकायचा की मॅटवर पडल्यावर कुठे वळेल याचा पत्ता लागत नसे. आदल्या वर्षी त्याने आमची अख्खी टीम चहाच्या आत घरी पाठवली. मीही त्यात होतो. मामू टॉवेलने मान पुसत म्हणाले, "ह्यो आपला झाला पायजे." मला वाटलं, हरल्याच्या रागाने बोलतायत. दोन महिन्यांनी त्या मुलाचं स्थळ माझ्या बहिणीसाठी आलं.

माझी बहीण सालमियातल्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन आहे. स्वतःच्या व्हिसावर आलेली, माझ्या घरी आमच्याबरोबर राहायची, स्वतःचं कमवायची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिशीला टेकली होती, आणि आई रोज फोनवर त्याच एका विषयाचं दळण दळायची. मी मामूंना विचारलं, मुलगा करतो काय, शिकलाय किती, घरी माणसं कशी आहेत. मामू म्हणाले, "दोन्ही बाजूनी स्विंग करतो." ते थट्टा करत नव्हते.

बहिणीने मला विचारलं, "भाई, तुला काय वाटतं?"

"मस्तीत असतो तो. मला नाही पसंत."

"तो मस्तीत असतो म्हणून, की त्याने तुझा त्रिफळा उडवला म्हणून?"

दोन्ही खरं होतं. मी घरात आरडाओरडा केला, मामूंच्या दुकानात जाऊन केला, फोनवर आईशी केला. आई रडली. आई रडली की बहिणीचा धीर सुटतो, हे मामूंना तिच्या लहानपणापासून माहीत होतं, आणि आईला रडवायला त्यांना एक फोन पुरे होता. बहिणीने होकार दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निकाह झाला. घरच्यांपेक्षा टीमच जास्त आनंदात होती. जेवणाच्या पंगतीतच एकाने नवऱ्या मुलाच्या खांद्याचं माप घेतलं, जर्सीसाठी. खाडीपलीकडच्या गावातून त्याचे आईवडील आणि दोन चुलते तेवढे आले, बाकी एकही माणूस जेवायला फिरकला नाही. मुलाची आई सगळा वेळ मान खाली घालून बसली होती. मला तेव्हा तिची कीव आली, तिच्या मुलाची मात्र आजतागायत आली नाही.

मामूंनी त्याला सालमियात दोन खोल्यांचं घर बघून दिलं आणि ओळखीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून चिकटवलं. तो स्टोअरमध्ये किती काम करायचा ते देव जाणे. संध्याकाळी प्रॅक्टिसला मात्र वेळेवर हजर.

सीझन सुरू झाला आणि आम्ही जिंकायला लागलो. हे कबूल करायला मला अजून जड जातं, पण बॉलिंग तो अप्रतिम करायचा. मी स्टंपच्या मागे लांब उभा राहायचो आणि त्याचे बॉल हातावर झेलायचो. शुक्रवारी दुपारी तळवे सुजून लाल झालेले असायचे. फील्डिंग तो स्वतः लावायचा. मला काही सांगायचं असेल तर स्लिपमधल्या पोराला सांगायचा आणि ते पोरगं मला सांगायचं, मी चार हातांवर उभा असताना. कधी थेट बोललाच तर "कॅप्टन, जरा बाजूला." विकेट पडली की बाकीचे त्याच्या गळ्यात पडायचे आणि तो गळ्यातले हात काढत परत रनअपच्या खुणेकडे चालू लागायचा. मामू खुर्चीवरून टाळ्या वाजवायचे. गावाला मोबाईलवर हे सगळं दिसत होतं आणि मॅच झाली की मशिदीबाहेर लोक मामूंचं नाव काढत होते.

एका गुरुवारी संध्याकाळी मी त्याची नवी जर्सी द्यायला त्याच्या घरी गेलो. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्याच्या अलीकडे जिन्यात माझी बहीण बसली होती. कामावरचे पांढरे बूट पायात, पर्स मांडीवर, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट.

"इथे काय करतेस?"

"तो यायचाय. किल्ली त्याच्याकडे असते."

"तुझी किल्ली कुठाय?"

"एकच आहे."

"अगं, मग दुसरी करून घे. खालच्या किराण्याच्या बकाल्याशेजारी बसतो तो किल्लीवाला."

"सांगितलं त्याला. म्हणाला, कशाला, मी येतोच की."

ती सहज सांगत होती, जसं काही रोज हजारो बायका लॅबमधून सुटल्यावर जिन्यात बसतात. शेजारचं मलबारी कुटुंब तिला आत बोलवायचं, पण सारखं काय जायचं म्हणून ती आताशा जात नसे. मी विचारत गेलो तसं एकेक बाहेर आलं. तो तिच्याशी बोलत नव्हता. भांडण नाही, शिवी नाही, हात उगारणं नाही, नुसतं बोलणं नाही. तिने केलेलं जेवण तसंच राहायचं, तो हॉटेलातून पार्सल आणून टीव्हीसमोर खायचा. एकदा तिने विचारलं की माझं चुकतंय तरी काय. तर म्हणाला, "मला तुमच्या गावाने बोलावलं. तू कुठे बोलावलं होतंस?"

माझं डोकं फिरलं. मी तिला तशीच उठवली, खाली आणली, गाडीत बसवली आणि घरी नेलं. रात्रभर त्याचा फोन नाही. सकाळी मैदानावर तो माझ्याजवळ आला. आता काय बोलतो म्हणून मी मुठी आवळून उभा. म्हणाला, "कॅप्टन, माझे खेळायचे बूट तिने कुठे ठेवलेत, तेवढं विचारून घ्या."

त्याला तिथेच आडवा करायचा राहिला, कारण मामू दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात बैठक झाली. मामू, तो, बहीण आणि मी. कापडाच्या ताग्यांवर आम्ही चौघं बसलो. बहीण सरळ म्हणाली की मला हे लग्न नको, मी खुला, म्हणजे बायकोच्या बाजूने तलाक, मागते, मेहर मला नको, काहीच नको. तो म्हणाला, "माजी ना नाय. आज सांगा, आज मोकळी करतो." इतक्या महिन्यांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, सुटलो. नवरा तयार, बायको तयार, भाऊ तयार.

मामू म्हणाले, "फायनल होव दे."

मला आधी कळलंच नाही. मामूंनी शांतपणे समजावलं. आज खुला झाला की हा जावई राहत नाही. जावई नाही तर आपल्या टीममध्ये नाही. सेमीफायनल तोंडावर. गावाने इतकी वर्षं वाट बघितली, आता थोडी कळ काढा. "फायनल झाली की त्याच सांजेला सही. मग तुमी काय ता करा."

"आणि मी ऐकलं नाही तर?" बहिणीने विचारलं.

मामूंनी तिच्याकडे नाही, त्याच्याकडे बघितलं. "इकामा कोनाच्या हातात हाय, ता ह्याला ठावं हाय." त्याने मान खाली घातली. मैदानावर आमच्या अंगावर धावून येणारा माणूस त्या दुकानात ताग्यावरचा दोरा बोटाला गुंडाळत बसला. मामूंच्या परवानगीशिवाय तो सही करणार नव्हता, आणि त्याच्या होकाराशिवाय बहीण सुटणार नव्हती.

शेवटी अशी तडजोड ठरली: बहीण माझ्या घरी राहील, बाहेर सांगायचं की क्लिनिकमध्ये नाईट ड्यूटी आहे. पण दर शुक्रवारी तिने मैदानावर यायचं. नवऱ्यासाठी डबा आणायचा, बायकांच्या खुर्च्यांत बसायचं. कारण खाडीपलीकडच्या टीमला वास लागला की बायको सोडून गेली आहे, तर ते हरकत घेतील. मी म्हणालो, असल्या टीमची कॅप्टनशिप मला नको, मी चाललो. मामू म्हणाले, "जा. मग तिला गाडीतना कोन आनील? टॅक्सीने येताना दिसली तर लोक इचारतील." म्हणजे मला कॅप्टन म्हणून नाही, ड्रायव्हर म्हणून ठेवलं होतं. मी राहिलो तो तिला एकटीला त्या खुर्चीवर बसवायचं नव्हतं म्हणून.

मग ते शुक्रवार सुरू झाले. पहाटे ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून त्या माणसासाठी खिमा परतायची. माझी बायको म्हणायची, मी करते, तू झोप. ती म्हणायची, राहू दे वहिनी, माझं काम आहे. मैदानावर ब्रेकमध्ये तो तिच्यासमोर येऊन बसायचा आणि सगळ्यांदेखत दोन घास खायचा. घरी तिच्या हाताचं न खाणारा माणूस मैदानावर बोटं चाटायचा. मोबाईलवर कॉमेंट्री करणारा ओरडायचा, "बघा बघा, जावईबापूंचा डबा आयला." गावी आई ते बघायची आणि मला फोन करून म्हणायची, "दोघं बरी दिसतात की रे. तू उगाच डोक्यात राख घालून घेतोस." आईला सगळं माहीत होतं. तिला बरं दिसायला हवं होतं, एवढंच.

सेमीफायनल आम्ही जिंकली. फायनलला समोर कोण, तर खाडीपलीकडचं गाव. मामूंनी दुकानात पेढे वाटले. मी बहिणीला म्हणालो, एकच शुक्रवार राहिला. तिने कॅलेंडरवर खूण वगैरे काही केली नाही, नुसतं हुश्श केलं.

तो शुक्रवार उजाडला आणि पाऊस आला. कुवेतमध्ये पाऊस म्हणजे रस्त्यांची तळी. मॅट भिजून गोणपाट झाली, मॅच पुढे ढकलली. पुढच्या शुक्रवारी धूळ उठली. समोरचा विजेचा खांब दिसेना, मोबाईलवर नुसती पिवळी भिंत. दोन्ही टीम गाड्यांच्या काचा लावून बसल्या आणि परत गेल्या. रमजान जवळ येत होता. कमिटीने सांगितलं, आता एकच शुक्रवार, तोही गेला तर फायनल ईदनंतर.

मामू माझ्या घरी येऊन हे बहिणीला सांगून गेले, चहा पीत, बिस्किट बुडवत. "नाय जमला तर ईदनंतर. काय घाई हाय? माझ्याच घरात हायस तू, रस्त्यावर नाय."

खरं तर ती माझ्या घरात होती, पण ते जाऊ दे. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "बरं मामू." तिचा आवाज इतका साधा होता की मला तिचाच राग आला. मामू गेल्यावर मी तिला म्हणालो, तू अशी मेंगळट कधीपासून झालीस. ती म्हणाली, "भाई, टॉस व्हायच्या आधी टीम बदलता येते ना?"

"येते. अंपायरकडे नावं द्यायच्या आधी कोणालाही बदलता येतं. का?"

"काही नाही. तूच जेवताना सांगायचास, म्हणून विचारलं."

मी त्यावर विचारही केला नाही. माझ्या डोक्यात मामूंना घालायच्या शिव्या होत्या.

त्या शेवटच्या शुक्रवारी आभाळ लख्ख होतं. वारा नाही, धूळ नाही. दोन्ही गावची माणसं झाडून आली होती. आमचा तंबू एका बाजूला, त्यांचा समोर. मी गाडी लावली. बहीण डबा घेऊन उतरली आणि बायकांच्या खुर्च्यांकडे वळण्याऐवजी सरळ मैदानात शिरली. मला वाटलं, शॉर्टकट घेतेय. ती मॅटवरून चालत पलीकडे गेली, त्यांच्या तंबूपर्यंत. आमच्याकडचे सगळे उठून बघायला लागले. कॉमेंट्रीवाल्याने सवयीने मोबाईल तिच्यामागे फिरवला.

त्यांचा कॅप्टन जाडजूड माणूस आहे, सबाह अल-सालेमला बकाला चालवतो. गेली दहा-बारा वर्षं आम्ही एकमेकांना सलामाखेरीज एक शब्द बोललेलो नाही. बहीण त्याच्यासमोर उभी राहिली. काय बोलली ते तिने मला नंतर सांगितलं. म्हणाली, "चाचा, तुमचा बॉलर तुम्हाला परत पाहिजे का? त्याने आत्ता खुला दिला तर तो आमचा जावई नाही. मग तो तुमच्याच गावचा. कागद मी टाईप करून आणलाय. नोकरीची काळजी तेवढी तुम्ही घ्या, नाहीतर तो मामूंना घाबरेल."

त्या माणसाने तिला बसायला खुर्ची दिली. हे तिने मला दोनदा सांगितलं.

मग तो स्वतः आमच्या तंबूकडे आला आणि आमच्या जावयाला बाजूला बोलावलं. दोन मिनिटं बोलला. मी बघत होतो. त्या उर्मट चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्याने एकदा मामूंकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या तंबूकडे, जिथे त्याचे लहानपणचे सोबती उभे होते, ज्यांनी लग्नापासून त्याचा फोन उचलला नव्हता. मग तो त्यांच्या कॅप्टनबरोबर पलीकडे चालायला लागला.

"काय चाललाय? काय चाललाय ह्यो?" मामू खुर्चीतून उठले.

त्यांच्या टीमचे ओपनर मौलवीसाहेब आहेत. एका पायाला पॅड बांधलेलं, दुसरं काखेत, अशा अवस्थेत त्यांनी कागद वाचला. बहिणीला विचारलं, तुझ्यावर कोणाचा दबाव आहे का. ती म्हणाली, "होता." मौलवीसाहेबांनी परत विचारलं, आज आहे का. ती म्हणाली, नाही. त्यालाही विचारलं. गाडीच्या बॉनेटवर सह्या झाल्या, साक्षीला त्यांचा कॅप्टन आणि अंपायर. आमच्या गावाला जे इतक्या आठवड्यांत करता आलं नाही, ते पलीकडच्या गावाने टॉस व्हायच्या आत केलं.

माझा फोन वाजला. आई. "अरे, ती पलीकडे कशाला गेली? सगळे मला विचारतायत." मी म्हणालो, नंतर सांगतो, आणि फोन बंद केला.

मग मैदानाच्या मधोमध गर्दी झाली. मामू ओरडत होते की हे बेइमानीचं काम आहे, अर्ध्या सीझनमध्ये माणूस फिरवता येत नाही. पलीकडचे म्हणत होते, जो जावई नाही तो आपल्या बापाच्या गावचा, नियम तुमचाच. कमिटीच्या म्हाताऱ्यांनी आपसात कुजबुज केली. जावई सीझनमध्ये जावई राहणार नाही, असा विचार नियम करताना कोणीच केला नव्हता. शेवटी त्यांनी ठरवलं की नियमात नाही, तर दोन्ही कॅप्टनची हरकत नसेल तरच तो पलीकडून खेळेल. एकाने जरी हरकत घेतली तर तो आज कोणाकडूनच खेळणार नाही.

म्हणजे गोष्ट माझ्यावर आली. आयुष्यात पहिल्यांदा.

मामूंनी माझा दंड धरला. बोटं रुतली. "हरकत घे," म्हणाले. "तो नाय तर ते पन हरतील. घे हरकत. तुला कोनी उभा केला हितं, ता इसरू नको."

मी बहिणीकडे पाहिलं. ती त्यांच्या तंबूत, त्यांनी दिलेल्या खुर्चीवर बसली होती, घडी केलेला कागद हातात घट्ट धरून. तिने मला मानेने काही खुणावलं नाही. सही झाली होती, ती मोकळी झाली होती, माझ्या हो-नाहीने त्यात फरक पडणार नव्हता. पण तिने त्या लोकांना शब्द दिला होता की बॉलर परत मिळेल, आणि आमच्या घरात शब्द देण्याची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. आजवर सगळे शब्द तिच्या वतीने दुसऱ्यांनीच दिले.

"माझी हरकत नाही," मी म्हणालो. मामूंनी दंड सोडला, आणि त्यानंतर त्यांनी मला हात लावलेला नाही, ईदची गळाभेटसुद्धा नाही.

मॅचचं काय सांगायचं. आम्ही बॅटिंगला आलो आणि तो आमच्यावर सुटला. त्याच मॅटवर, त्याच रनअपवरून, आता समोरून. आमच्या पोरांनी त्याला सीझनभर मागून पाहिलं होतं, पुढून तो कसा दिसतो ते ती विसरली होती. मी चौथ्या नंबरला गेलो. त्याने पहिला बॉल माझ्या छातीत मारला. दुसरा पण. तिसऱ्याला माझा मधला स्टंप लांब वाळूत जाऊन पडला. बाहेर पडताना मी त्याच्या जवळून गेलो. या वेळी तो मला कॅप्टन म्हणाला नाही. मला तो तेव्हाही आवडला नाही. जुम्म्याच्या नमाजाला अजून बराच वेळ होता आणि आम्ही हरून बसलो होतो. पलीकडच्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो चक्क हसत होता. त्याला हसता येतं हे त्याच्या बायकोला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हा ती त्याची बायको नव्हती.

आमची माणसं तोंडं पाडून सामान भरत होती. बहीण परत मैदान ओलांडून आली. कोणी तिच्याकडे बघेना. एक जण तिच्या पायाशी थुंकला, आमच्याच आळीतला, माझ्या वयाचा. मी त्याच्या अंगावर गेलो, दोघांनी मला मागे ओढलं. मामू माझ्या गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांचे डोळे लाल झाले होते, धुळीने की रडण्याने ते मला ठरवता आलं नाही आणि ठरवायची इच्छाही नव्हती.

"गावाचा नाक कापलास तू," ते तिला म्हणाले. "सगल्या दुनियेसमोर. माफी माग सगल्यांची. हितंच माग."

ती थांबली. डबा तिने गाडीच्या टपावर ठेवला. मामूंशी ती कधी वर मान करून बोललेली मला आठवत नाही. आता तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि अगदी हळू आवाजात बोलली, पण मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"मामू, गावात पन्नास पोरं आहेत. त्यांतल्या एकाला बॉलिंग शिकवायची होती."

तिने टपावरचा डबा उचलला. मग ती माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली, आणि मी गाडी काढली.